जुनी रेंज रोव्हर घेताना : तीन डिझेल इंजिने, एक निवड

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की नातेवाईकांत आपली पत एकदम वाढते. लग्नात, वास्तुशांतीला, नाहीतर रात्री हॉस्टेलवर जेवून येतो तोवर फोनवर कुणीतरी विचारतंच, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग बरं, ही गाडी घेऊ का ती?" आपल्या हातात थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक आणि आयसी इंजिन लॅबचं जर्नल. समोरचा मात्र आपल्या उत्तरावर चार-पाच वर्षांची बचत लावायला निघालेला असतो. त्यामुळे हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही.

हल्ली असे प्रश्न परदेशातूनही येतात. समजा, नोकरीसाठी इंग्लंडात स्थायिक झालेला मावसभाऊ विचारतो, "इकडे जुन्या रेंज रोव्हर खूप उतरल्या किमतीत मिळतात. डिझेलच घ्यायची आहे. पण तीन इंजिनं दिसतात. कुठलं घेऊ?" या एका प्रश्नात आपल्या तीन-चार विषयांचा सिलॅबस लपलेला आहे. म्हणून या लेखात तोच प्रश्न केस स्टडी म्हणून सोडवून बघू. गाडी आपल्याला घ्यायची नसली तरी पद्धत कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडते.

एक गाडी, तीन मालक

आपण बोलतोय ते मॉडेल म्हणजे तिसऱ्या पिढीची रेंज रोव्हर. कंपनीतलं तिचं सांकेतिक नाव एल३२२. ती २००२ पासून २०१२ पर्यंत इंग्लंडातल्या सोलिहल इथल्या कारखान्यात तयार होत होती. वेगळी चॅसिस नसलेली, म्हणजे मोनोकॉक बांधणीची ही पहिलीच रेंज रोव्हर. चारही चाकांना एअर सस्पेन्शन, चारही चाकांना कायम ड्राइव्ह, आणि वजन अडीच टनाच्या आसपास.

या दहा वर्षांत गाडीचं बाहेरचं रूप फारसं बदललं नाही, पण कंपनीची मालकी बदलत गेली. गाडीचं डिझाइन झालं तेव्हा लँड रोव्हर बीएमडब्ल्यूकडे होती. २००० साली ती फोर्डने घेतली. आणि २००८ साली आपल्या टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही मिळून सुमारे २.३ अब्ज डॉलरला विकत घेतल्या. २०११ पासून लँड रोव्हरची फ्रीलँडर २ आपल्या पुण्यातच जोडली जाऊ लागली. तेव्हा ही गाडी अगदीच परकी नाही.

मालकांप्रमाणे बॉनेटखालचं डिझेल इंजिनही बदलत गेलं :

१) टीडी६ (२००२ ते २००६) : बीएमडब्ल्यूचं एम५७ इंजिन. एका ओळीत सहा सिलिंडर, २९२६ सीसी, एक टर्बो. १३० किलोवॅट म्हणजे १७७ पीएस, आणि टॉर्क ३९० न्यूटन-मीटर. हेच घराणं बीएमडब्ल्यूच्या ५३०डी आणि एक्स५ मध्येही होतं.

२) टीडीव्ही८, ३.६ लिटर (२००६ ते २०१०) : फोर्डच्या काळातलं, डॅगनमच्या कारखान्यातलं व्ही-८ इंजिन. दोन टर्बो, प्रत्येक बँकला एक. २०० किलोवॅट म्हणजे २७२ पीएस, टॉर्क ६४० न्यूटन-मीटर. ब्लॉक साध्या ओतीव लोखंडाचा नसून कॉम्पॅक्टेड ग्रॅफाइट आयर्नचा. मटेरियल सायन्समध्ये ज्याची एक आकृती काढून आपण पुढे जातो, तेच हे.

३) टीडीव्ही८, ४.४ लिटर (२०१० ते २०१२) : वरच्याच इंजिनाचा मोठा भाऊ, टाटांच्या काळात बाजारात आलेला. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही वाढवलेले. २३० किलोवॅट म्हणजे ३१३ पीएस, टॉर्क ७०० न्यूटन-मीटर. याचे दोन टर्बो मात्र पाळीने काम करतात. कमी फेऱ्यांना एकच फिरतो, गरज वाढली की दुसरा सामील होतो.

इथे एक गोंधळ आधीच मिटवू. टीडीव्ही६ नावाचंही एक इंजिन आहे, २.७ आणि ३.० लिटरचं. ते डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्ट या गाड्यांत आलं. त्याच्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगा फिरून क्रँक तुटण्याच्या तक्रारी जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्वांना माहीत आहेत. एल३२२ मध्ये ते इंजिन कधीच बसवलं नव्हतं. नावात एका आकड्याचा फरक आहे, पण जाहिरात वाचताना तो नीट बघावा.

घोडे मोजायचे कसे?

जाहिरातीत सगळ्यात ठळक काय छापतात? हॉर्सपॉवर. १७७, २७२, ३१३. बघणारा लगेच म्हणतो, "घोडे जास्त ते इंजिन चांगलं." पण थांबा. हा आकडा इंजिन जवळपास पूर्ण ताणावर, साधारण ४००० फेऱ्यांना असतानाचा आहे. रोजच्या वापरात डिझेल गाडी १५०० ते २५०० फेऱ्यांच्या मध्येच राहते. मग तिथे काय मिळतं ते बघायला नको का?

सूत्र सगळ्यांना पाठ आहे. किलोवॅटमधली शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९. तिन्ही इंजिनांना २००० फेऱ्यांवर उभं करा. तिघांनाही तिथे आपला सर्वाधिक टॉर्क मिळतो :

टीडी६ : ३९० × २००० ÷ ९५४९ = सुमारे ८२ किलोवॅट
३.६ टीडीव्ही८ : ६४० × २००० ÷ ९५४९ = सुमारे १३४ किलोवॅट
४.४ टीडीव्ही८ : ७०० × २००० ÷ ९५४९ = सुमारे १४७ किलोवॅट

आता मधला आकडा पुन्हा बघा. टीडी६ जीव तोडून ४००० फेऱ्यांना १३० किलोवॅट देतं. ३.६ लिटरचं इंजिन तेवढी शक्ती अर्ध्या फेऱ्यांना, आरामात देतं. हॉर्सपॉवरच्या आकड्यात हा फरक दीडपट दिसतो. गाडी चालवताना तो त्याहून बराच मोठा जाणवतो, तो यामुळे. थांबलेल्या गाडीला ताशी १०० किलोमीटरवर जायला टीडी६ ला साधारण साडेतेरा सेकंद लागतात, ३.६ ला नऊच्या आसपास आणि ४.४ ला आठच्या आत.

पण मग टीडी६ बाद का? नाही. आधी काम विचारा.

काम किती, ते मोजा

दोन उदाहरणं घेऊ. हिशेबासाठी गाडीचं वजन २५०० किलो, रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०१५, ड्रॅग गुणांक आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार १.२ चौरस मीटर, हवेची घनता १.२, आणि इंजिनापासून चाकापर्यंत १५ टक्के शक्ती वाया, असं धरू.

पहिलं उदाहरण : सपाट मोटरवे, गाडी एकटी, वेग ताशी ११२ किलोमीटर, म्हणजे तिकडची ७० मैलांची मर्यादा. रोलिंगचा विरोध सुमारे ३७० न्यूटन, हवेचा सुमारे ७०० न्यूटन. दोन्ही मिळून १०७० न्यूटन, गुणिले सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे चाकावर ३३ किलोवॅट. इंजिनाकडून मागणी ३९ किलोवॅटच्या आसपास. बस्स, एवढंच! तिन्ही इंजिनांच्या दृष्टीने ही मागणी किरकोळ आहे. ज्याला दोन माणसं, दोन बॅगा घेऊन सपाट रस्त्याने जायचं आहे त्याने ३१३ घोडे पोसायचे कशाला?

दुसरं उदाहरण : याच गाडीच्या मागे ट्रेलर. इंग्लंडात ही गाडी घेणारे बरेच जण ती ओढकामासाठीच घेतात : कारव्हॅन, बोट, घोड्यांचा ट्रेलर. कंपनीने या गाडीला ब्रेक असलेला ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला मान्यता दिली आहे. म्हणजे एकूण वजन ६००० किलो. समोर ६ टक्क्यांचा लांब चढ, दर १०० मीटरला ६ मीटर वर. आपला बोरघाट डोळ्यांसमोर आणा आणि तिथे मागे घोडे बांधून निघा. वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे साध्या रस्त्यावर ट्रेलरसाठी तिथे असलेली ५० मैलांची मर्यादा.

चढाचा विरोध : ६००० × ९.८१ × ०.०६ = ३५३२ न्यूटन
रोलिंग : ६००० × ९.८१ × ०.०१५ = ८८३ न्यूटन
हवा, ट्रेलरमुळे दुप्पट धरून : सुमारे ७११ न्यूटन
एकूण ५१२६ न्यूटन, गुणिले सेकंदाला २२.२ मीटर = ११४ किलोवॅट चाकावर. इंजिनाकडून मागणी १३४ किलोवॅट.

टीडी६ ची कमाल मर्यादा १३० आहे. म्हणजे ॲक्सिलरेटर पार दाबला, इंजिन ४००० फेऱ्यांवर ओरडलं, तरी वेग थोडा पडणारच, आणि मागे रांग लागणार. ३.६ टीडीव्ही८ तेच काम २००० फेऱ्यांच्या आसपास करायची ताकद ठेवतं. ४.४ कडे त्यानंतरही शिल्लक उरते. ट्रेलर १५०० किलोचाच असेल तर मागणी ९६ किलोवॅटवर येते. मग टीडी६ ही चढतं, जरा आवाज करत.

म्हणजे "कुठलं इंजिन चांगलं?" हा प्रश्नच अर्धवट आहे. "कुठल्या कामाला?" हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. मावसभावाला आपला पहिला प्रतिप्रश्न हाच : मागे काय बांधणार आहेस, आणि वर्षातून किती वेळा?

इंजिनामागचा भिडू : गिअरबॉक्स

इंजिन निवडताना आपण गिअरबॉक्सही निवडत असतो, हे बरेच जण विसरतात. टीडी६ च्या मागे जनरल मोटर्सचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक आहे. ३.६ च्या मागे झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा, आणि ४.४ च्या मागे झेडएफचाच आठ गिअरचा ८एचपी७०. यातला ७० म्हणजे साधारण ७०० न्यूटन-मीटरचा वर्ग. इंजिनाचा टॉर्कही ७००. जोडी अशी जुळलेली असावी.

टीडी६ ची बदनामी इंजिनापेक्षा या गिअरबॉक्समुळे जास्त झाली. अडीच टनांची गाडी, टॉर्क कमी, म्हणून टॉर्क कन्व्हर्टर जास्त वेळ घसरत राहतो. घसरण म्हणजे उष्णता. उष्णता म्हणजे तेल जळणं. तेल जळलं की क्लच प्लेटा गेल्या. त्यात "हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही" अशी समजूत. कुणाच्या आयुष्यभर? गिअरबॉक्सच्या! झेडएफ स्वतः आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. तेव्हा गाडी तिघांपैकी कुठलीही असो, गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल मागायचं. बिल नसेल तर तेल बदललं नाही असं समजून किंमत पाडायची.

ज्याचं त्याचं दुखणं

जुनी गाडी म्हटली की दुखणी आलीच. पण दुखण्याचं कारण माहीत असेल तर घाबरायला होत नाही, आणि फसायलाही होत नाही.

टीडी६ : इंजिन दणकट. साधा ओतीव लोखंडी ब्लॉक, एक टर्बो, बॉनेटखाली हात घालायला जागा. याचं एक छोटं पण महाग पडणारं दुखणं म्हणजे क्रँककेस ब्रीदरचा फिल्टर. पिस्टनच्या कडेने खाली उतरलेला वायू या फिल्टरमधून बाहेर जातो. फिल्टर तुंबला की क्रँककेसमधला दाब वाढतो, टर्बोतून खाली परतणारं तेल अडतं, आणि ते सीलमधून बाहेर येऊ लागतं. म्हणजे स्वस्तातला फिल्टर न बदलल्याची शिक्षा महागड्या टर्बोला. शिवाय सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत पुढचं डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट यांची रेष नीट न जुळल्याने स्प्लाइन झिजायच्या. ते काम आधीच झालेलं आहे का, हे विचारायचं.

३.६ टीडीव्ही८ : इथे टर्बो दोन, ईजीआर व्हॉल्व्हही दोन. ईजीआरचं तत्त्व आपण शिकलो आहोत. एक्झॉस्टचा काही भाग परत आत सोडायचा, ज्वलनाचं तापमान उतरवायचं, नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचे. पण त्या वायूतली काजळी आणि ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ एकत्र आली की आत डांबरासारखा थर जमतो आणि व्हॉल्व्ह अडकतो. गाडी गावातल्या गावात फिरवली तर हा थर लवकर जमतो. टर्बोचं काम निघालं तर मोठं व्ही-८ अरुंद जागेत बसवलेलं असल्यामुळे सुट्या भागापेक्षा मजुरीच जास्त होते. जमेची बाजू अशी की कॅमशाफ्ट चेनवर चालतात, त्यामुळे टायमिंग बेल्ट बदलायचा मोठा खर्च नाही. पण चेनचं आयुष्य स्वच्छ तेलावर अवलंबून, म्हणून तेल वेळेवर बदललेलं हवं.

४.४ टीडीव्ही८ : तिघांत सर्वात कमी पिणारं आणि सर्वात जास्त ओढणारं. पण याच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर आहे. तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल टाकून आतली काजळी जाळतं. त्यासाठी एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो. रोज मुलांना शाळेत सोडायचं आणि तीन किलोमीटरवरून परत यायचं, असा वापर असेल तर ही सफाई कधी पूर्ण होतच नाही. फिल्टर तुंबतो, आणि न जळलेलं डिझेल इंजिनाच्या तेलात उतरतं. तेल पातळ, बेअरिंगा धोक्यात. काही जण फिल्टर काढूनच टाकतात. तो मार्ग बंद आहे असंच समजा. ब्रिटनमध्ये २०१४ पासून मूळचा डीपीएफ गायब असलेली गाडी वार्षिक तपासणीत नापास होते.

सरकारचाही हिशेब

इंजिनाचा अभ्यास आपण टेस्ट बेडवर संपवतो. मालकाचा अभ्यास तिथे सुरू होतो.

टीडी६ युरो ३ च्या काळातलं, ३.६ युरो ४ चं, ४.४ युरो ५ चं. लंडनच्या अल्ट्रा लो एमिशन झोनमध्ये डिझेल गाडीला युरो ६ लागतो. हा झोन २०१९ मध्ये मध्य लंडनपुरता होता. २९ ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सगळ्या बरोंना लागू झाला. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. बर्मिंगहॅमच्या मध्यभागात २०२१ पासून असाच झोन आहे, तिथे दिवसाला ८ पौंड. आपल्या तिघांपैकी एकही इंजिन यात बसत नाही. वर्षातून २०० दिवस लंडनमध्ये गाडी काढली तर २५०० पौंड नुसते हवेत गेले. तेव्हा मावसभावाला दुसरा प्रतिप्रश्न : घर कुठे, ऑफिस कुठे?

वार्षिक रोड टॅक्सची गंमत तर पेपरात विचारण्यासारखी आहे. तिथे मार्च २००१ ते मार्च २०१७ या काळात नोंदलेल्या गाड्यांचा कर कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. जास्त धूर, वरचा बँड. पण २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेली गाडी कितीही धूर सोडत असली तरी तिला 'के' बँडच्या वर नेत नाहीत. त्यामुळे बहुतेक टीडी६ 'के' मध्ये थांबतात. ३.६ थेट सर्वात वरच्या 'एम' बँडमध्ये जातं. ४.४ मोठं असूनही त्याचा आकडा किलोमीटरला २५३ ग्रॅम, म्हणून ते 'एल' मध्ये बसतं. मार्च २००६ च्या दोन सारख्याच टीडी६, एक २० तारखेला नोंदलेली आणि दुसरी ३० तारखेला, वेगवेगळा कर भरतात. म्हणून नोंदणीचं वर्ष पुरत नाही, तारीख बघायची.

डिझेल वाचेल किती?

कंपनीच्या आकड्यांप्रमाणे टीडी६ आणि ३.६ दोघंही लिटरला पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास जातात. लहान इंजिन म्हणून टीडी६ जास्त ॲव्हरेज देईल, हा समज इथे खोटा ठरतो. वजन तेवढंच, मग लहान इंजिनाला जास्त ताणून काम करावं लागतं. ४.४ लिटरला साडेदहाच्या वर जातं. त्यात आठ गिअरचा वाटा मोठा, कारण इंजिन आपल्या कार्यक्षम फेऱ्यांमध्ये जास्त वेळ राहतं.

वर्षाला १६,००० किलोमीटर धरले तर ४.४ चे सुमारे ३०० लिटर वाचतात. लिटर दीड पौंड धरला तर साडेचारशे पौंड. वाईट नाही. पण एकच टर्बो किंवा गिअरबॉक्सचं एकच काम निघालं की अशा कित्येक वर्षांची बचत एका बिलात जाते. म्हणून ॲव्हरेजवरून इंजिन निवडणं म्हणजे मेसचं बिल वाचवायला हॉटेलात जेवण्यासारखं.

आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. जुन्या गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत उतरत नाही. हत्ती स्वस्त मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही. गाडीच्या किमतीशिवाय दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर न घेणं हाही एक योग्य पर्याय आहे. तो सुचवायला लाजू नये.

गाडी बघायला जाताना

१) कागद आधी, गाडी नंतर. ब्रिटनमध्ये प्रत्येक गाडीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास नंबर टाकून फुकट बघता येतो. किती मैलांवर होती, कशात नापास झाली, कशाबद्दल ताकीद मिळाली, सगळं. मैलांचा आकडा मध्येच उतरला असेल तर चहा पिऊन परत फिरायचं.

२) इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारायचं.

३) धूर वाचायचा. काळा म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त : टर्बोचा पाइप फाटलेला किंवा ईजीआर अडकलेला. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा राहतच असेल तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट.

४) स्कॅनर लावायचा. जपून ठेवलेले फॉल्ट कोड, इंजेक्टरांचे करेक्शन, रेल प्रेशर. नुकतेच पुसलेले कोड हाही एक पुरावाच.

५) गिअर बदलताना धक्का, घसरण, थरथर बघायची. गरम झाल्यावर पुन्हा बघायची.

६) एअर सस्पेन्शनवर गाडी सर्वात वर, मग सर्वात खाली. रात्रभर उभी राहून एका कोपऱ्यात बसते का, हेही बघायचं. हे दुखणं तिन्ही इंजिनांच्या गाड्यांना सारखंच.

७) जवळपास या इंजिनावर हात बसलेला मेकॅनिक आहे का? नसेल तर बाकीचे सहा मुद्दे वाचायची गरज नाही.

मग कुठलं?

ओढकाम नाही, वर्षाला थोडंच चालवणार, शहराच्या झोनबाहेर राहतो, बजेट कमी आहे, थोडं हाताने करायची हौस आहे : टीडी६. अट एकच, गिअरबॉक्सची कागदपत्रं हवीत.

जड ट्रेलर नियमित ओढायचा, पण ४.४ परवडत नाही : ३.६ टीडीव्ही८. तेल वेळेवर बदललेलं, ईजीआर आणि टर्बोचा इतिहास समोर असलेलं.

लांब पल्ल्याचा प्रवास, भरपूर किलोमीटर, आणि पैशाची सोय : ४.४ टीडीव्ही८. तांत्रिकदृष्ट्या तिघांत उजवं हेच.

लंडनमध्ये घर, रोजचा प्रवास पाच किलोमीटरचा : तिघांपैकी एकही नको.

आणि सर्वात महत्त्वाचं. दुर्लक्ष झालेल्या ४.४ पेक्षा नीट जपलेलं टीडी६ केव्हाही चांगलं. नव्या गाडीत आपण डिझाइन विकत घेतो. जुन्या गाडीत आपण आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो.

हाच हिशेब आपल्याकडेही चालतो. लँड रोव्हर भारतात अधिकृतपणे २००९ मध्ये मुंबईत आली. आज आपल्याकडे सेकंड हँड आलिशान डिझेल गाड्यांचा बाजार चांगलाच वाढला आहे. नियम इथे वेगळे आहेत, पण प्रश्न तेच. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंधांचे आदेश निघत आणि बदलत आले आहेत. देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल एप्रिल २०२० पासून आलं. त्याआधीच्या काळात चाललेल्या, डीपीएफ असलेल्या गाडीचा तो फिल्टर कसा आहे, हे बघणं इथे जास्तच गरजेचं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी विचारलं, "कुठलं इंजिन घेऊ?" तर लगेच एका नावाचं उत्तर देऊन मोकळे होऊ नका. वहीचं एक पान घ्या. वजन लिहा, चढ लिहा, वेग लिहा, गाव लिहा, खिशातले पैसे लिहा. मग शेवटी इंजिनाचं नाव लिहा. विचारणाऱ्याला पाच मिनिटं जास्त थांबावं लागेल, पण त्याची काही वर्षांची कमाई वाचेल. इंजिनिअर म्हणवून घ्यायला डिग्री अजून बाकी असेल, हे काम मात्र आजपासूनच करता येतं.